करी रोडच्या गंगारामाची ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मित्रांबरोबर बसलो आणि दोन पेग पोटात गेले की मी नको ते बरळतो, सगळ्यांना ठाऊक आहे ते. पण तेव्हासुद्धा हे एवढं गिळून बसायचो. आज बोलायला बसलोय, आणि बघा, कुठून सुरुवात करू तेच सुधरत नाही.

गेमपासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी व्हिडिओ गेममध्ये गोष्टी लपवायचं काम करायचो. हसू नका, त्याचाही पगार मिळतो. खेळणारा भुयारातून पळतोय, आणि कोनाड्यात वासुदेवाची मोरपिसांची टोपी पडलीय. दिसली तर दिसली. एखाद्या पहारेकऱ्याच्या तोंडी जात्यावरच्या ओवीचं वळण. ज्याला कळतं तो वेडा होतो, लगेच ग्रुपवर टाकतो — ‘हे सापडलं, हे कुठनं आलंय सांगा!’ मग सगळे मिळून खोदत बसतात. आमचा गेम तसा छोटाच, डोंगरी किल्ल्यातला. पण या लपवालपवीमुळे पोरांनी उचलून धरला.

आता मला ही विद्या कुठून आली? कुठल्या कॉलेजात शिकवतात हे?

आमच्या चाळीत, करी रोडला, समोरच्या खोलीत तात्या राहायचे. गंगाराम तात्या. मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, आणि सुट्टीच्या दिवशी शाहीर. आम्हा कोकणातल्या लोकांचा शक्ती-तुरा तुम्ही ऐकला असेल. दोन पार्ट्या समोरासमोर, एक शक्तीवाल्यांची, एक तात्यांसारख्या तुरेवाल्यांची, ढोलकी, झांजा, आणि एक शाहीर दुसऱ्याला गाण्यातून कोडं घालतो. पुराणातलं काहीतरी असं दडवायचं की समोरच्याला घाम फुटला पाहिजे. आणि कोड्याच्या शेवटच्या ओळीत शाहिरानं आपलं नाव गुंफायचं. ते नाव म्हणजे सही. दुसऱ्याचं कोडं गाताना त्याचं नाव गाळलं तर लोक स्टेजवरून खाली खेचायचे.

मिलचा संप झाला तेव्हा मी पहिलीत-दुसरीत असेन. तात्यांची पार्टी फुटली, ढोलकीवाला गावी गेला तो परत आलाच नाही. मिल गेली ती गेलीच. तात्या पुढं एका बिल्डिंगवर वॉचमन लागले. संध्याकाळी गॅलरीत बसून मला कोडी घालायचे. म्हणायचे, “शब्द बघू नको रे, शब्दाच्या पाठी कोण उभा हाय तो बघ.” मी ओळखलं की असे खूश व्हायचे — काय सांगू! एकदा म्हणाले, मिलच्या हजेरीतलं नाव गेलं, आता गाण्यातलं तेवढं उरलंय बघ. मी केवढा होतो तेव्हा? पण ते वाक्य मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्यांचं एक कोडं होतं, ज्याचं उत्तर म्हणे कुठल्या शक्तीवाल्याला कधी देता आलं नाही.

‘आईनं सोडला पाण्यात, आईच आडवी आली रणात,
सांग शाहिरा, कुणाचा तो, काय होतं त्याच्या मनात?
करी रोडचा गंगाराम पुसे, उत्तर दे न्हायतर जोड हात.’

कर्ण, हे तर कुणीही सांगेल. पण त्याच्या मनात काय होतं, हे गाऊन दाखवायचं, ताबडतोब, चालीत. तिथं भले भले आडवे व्हायचे.

मी ते कोडं चालीसकट गेममध्ये घातलं. शेवटच्या दरवाजासमोर. तात्यांना विचारलं? नाही. विचारणार होतो — खरंच विचारणार होतो, पण मीटिंगमध्ये सगळ्यांना ते एवढं आवडलं, आणि साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? आणि मी म्हटलं, मी.

एवढा छोटा शब्द. तोंडातून गेला कधी ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही आलं असतं.

मग शेवटची ओळ काढावी लागली. माझ्या कोड्यात गंगाराम कसा असेल? ओळ कापली, पण चाल काही तुटेना, म्हणून तेवढी जागा नुसती ढोलकी वाजत ठेवली. बोल नाहीत, ढोलकी आहे.

कुणाच्या लक्षात येणार, असं वाटलं होतं. आलं ना! दादरची एक मुलगी होती ग्रुपवर, भारी नजरेची. तिनं कर्ण ओळखला, चाल शक्ती-तुऱ्याची आहे हे ओळखलं, आणि विचारलं, इथं एक ओळ कमी आहे, इथं कुणाचं तरी नाव असायला हवं, कुणाचं? आणि मी काय उत्तर दिलं असेल? लिहिलं — ‘तेच तर खरं कोडं आहे.’

झालं. पोरं तुटून पडली. कुणी म्हणे तिथं खेळणाऱ्याचं नाव, कुणी म्हणे कुंतीचं, एकानं तर तिथं मृत्यू आहे म्हणून भलंमोठं लिहून काढलं. सगळे त्या रिकाम्या जागेत अर्थ शोधत होते. मी वर बसून गालातल्या गालात हसणारी चित्रं टाकत होतो. लाज वाटते सांगायला. पण तेव्हा मजाही येत होती, ती कशाला लपवू?

चाळीत सत्यनारायणाची पूजा असते दरवर्षी. त्या वर्षी पोरांनी माझा सत्कार ठेवला. आपल्या चाळीचा सुनीलदादा, गेम बनवतो, पेपरात नाव आलंय वगैरे. शाल कुणाच्या हस्ते? सगळ्यात वयस्कर, तात्यांच्या. मी नको नको म्हटलं, तर पोरांना वाटलं मी लाजतोय.

आणि शाल घालायच्या आधी त्या गाढवांनी स्पीकरवर ते कोडं लावलं.

तात्यांच्या हातात शाल होती. पहिल्या ओळीला त्यांनी मान वर केली. दुसऱ्या ओळीला चेहरा — मी काय वर्णन करू, तीस वर्षं झाली असतील त्यांचं गाणं कुणी मोठ्यानं गाऊन. मग बोल थांबले, नुसती ढोलकी आली, आणि तात्यांनी त्या जागेत बरोब्बर, फाटक्या आवाजात, ठेका न चुकता गायलं — करी रोडचा गंगाराम पुसे, उत्तर दे न्हायतर जोड हात.

मांडवात हशा पिकला. पोरं टाळ्या पिटत ओरडली, “तात्यांनी कोडं सोडवलं! सुनीलदादाच्या गाण्यात तात्यांनी नाव घुसवलं!”

तात्या माझ्याकडे बघत होते. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते. मी बोलेन अशी खात्री होती त्यांना. मीच बोलणार, दुसरं कोण बोलणार? जुनी माणसं गेलेली किंवा गावी परतलेली, त्या सगळ्या गर्दीत ते कोडं त्यांच्या तोंडून ऐकलेला मी एकटा.

मी हसलो. सगळ्यांबरोबर, मीही हसलो.

तात्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, आणि हळूच म्हणाले, “माझाच काय तरी घोटाला झाला असंल रे. वय झाला.” मी त्यांच्या पाया पडलो. पाया पडताना तोंड दिसत नाही, म्हणून पडलो.

त्यानंतर ते गायले नाहीत. पुढं त्यांच्या मुलीनं, शैलानं, मला जिन्यात थांबवून विचारलं होतं. म्हणाली, तात्या सारखे विचारतात, ते गाणं माझं होतं की सुन्याचं. मला तर काही आठवत नाही, तुला माहीत असेल, तू त्यांच्याजवळ बसायचास. खरं सांग. तेव्हा मांडव नव्हता, स्पीकर नव्हता, साहेब नव्हते. जिन्यात आम्ही दोघंच. आणि मी म्हटलं, वय झालंय गं त्यांचं, होतं असं. तिनं वर जाऊन त्यांना तेच सांगितलं असणार.

तात्या गेले. तेराव्याला मी गेलो होतो. गावाकडची मंडळी आली होती, जुन्या पार्टीतला कोण कुठला भाऊबंद विचारत होता, शेवटी शेवटी शुद्धीत होते का? शैलानं माझ्या पानात वाढता वाढता सांगितलं, “तसे बरे होते. फक्त भ्रम व्हायचा. ह्याचं गाणं ते आपलं समजायचे.” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तू काय मनावर घेऊ नकोस हां, सुनील.”

मी मान हलवली, आणि जेवलो.