थांबलेला काटा

कागद कारखान्यात मी पाण्याचा वार्षिक अहवाल भरायचे. वर्षभरात नदीतून किती पाणी घेतलं आणि विहिरीतून किती उपसलं, एवढंच त्यात लिहायचं असे. त्या वर्षी मात्र नजर अडकली. नदीचे आकडे महिन्यागणिक बदलत होते; विहिरीचा आकडा वैशाखात तोच आणि भादव्यातही तोच.

मनात पाल चुकचुकली. मी सरळ पंपघरात गेले. पंप धडधडत होता. पाइपाला हात लावला तर आतून धावणारं पाणी तळव्याला जाणवत होतं. मीटरचा काटा मात्र जागचा हलत नव्हता.

“हे कधीपासून?” मी पंपावरच्या शिवरामकाकांना विचारलं.

“लई दिवस झाले, बाई. आकडा ऑफिसातनंच येतो. मी नुसता वहीत उतरवतो.”

नदी आटली की वाटसरूलाही दिसते. जमिनीच्या पोटातलं पाणी गेलेलं कुणाला दिसतं? शेजारच्या वस्तीतल्या बायका हापशाला पाणी येत नाही म्हणाल्या, तेव्हा मीच त्यांना कमी पावसाचं कारण सांगितलं होतं. आता मला जुन्या अहवालांवरच्या माझ्याच सह्यांचा संशय येऊ लागला.

अहवालात विहिरीपुढे मी लिहिलं, ‘मीटर बंद. उपसा माहीत नाही.’

मॅनेजरसाहेब हसले. “असं कुणी लिहितं का? गेल्या वर्षीचाच आकडा टाका.”

“टाकते. पण सही तुम्ही करा.”

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पेन उचललं, विहिरीपुढची ओळ पुन्हा वाचली आणि टोपण लावून ठेवून दिलं. अहवाल मी लिहिला तसाच गेला.