न सांगितलेली शीळ

सुरतेत पक्ष्यांवर माझ्या थोरल्या साडूंइतकं, म्हणजे भाऊंइतकं, प्रेम कुणी केलं नसेल, आणि त्यांच्याइतके पक्षी कुणी उडवूनही लावले नसतील. लिंबायतमध्ये तीस वर्षं कापडाचे लूम चालवून भाऊंचे कान पार गेले होते. त्यामुळे त्यांचं कुजबुजणं म्हणजे आपलं ओरडणं. सुटीच्या दिवशी पहाटे रिक्षाने डुमसकडच्या झाडीत जायचं, तळ्याकाठच्या झुडपाआड दबकत बसायचं आणि मग "हळू बोल रे, उडतील!" असं मला इतक्या मोठ्यांदा बजावायचं, की तळ्यातले सगळे बगळे एकदम उठायचे. मी तोवर तोंडही उघडलेलं नसे. कॅमेरेवाल्या मंडळींच्या एका गटाबरोबर आम्ही दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी फार अदबीने सुचवलं, "काका, तुम्ही आमच्यानंतर या ना. आम्ही परत निघालो की."

भाऊंना पक्ष्यांतही कापडच दिसायचं. बगळा म्हणजे धुऊन आलेला माल. तितर म्हणजे सूटिंग, "मळखाऊ, टिकाऊ." खंड्या दिसला की ते हळहळत, "असा निळा एका मिलला जमला नाही बघ." कापडाच्या थानातला दोष शोधावा तसा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत निरखायचे आणि निकाल द्यायचे, "पास!" तो पास झालेला पक्षी त्या आवाजानेच उडून जाई.

ऐकायचं काम माझ्याकडे होतं. दर पाच मिनिटांनी ते माझ्या तोंडाकडे बघत त्यांच्या अहिराणीत विचारायचे, "काही बोली ऱ्हायना का?" कुठे पक्षी बोलत असला की मी बोट दाखवायचं आणि त्यांनी तिकडे नजर लावायची. एवढ्या भरवशावर त्यांनी पुष्कळ पक्षी पाहिले. राहिला होता फक्त नवरंग. जूनच्या तोंडाशी तो या झाडीत काही दिवस असतो, दाट पाल्यात दडून दोन सुरांची शीळ घालतो. शीळ ऐकल्याशिवाय तो सापडत नाही. कॅलेंडरवरचं त्याचं चित्र कापून भाऊंनी लूमशेजारच्या खांबाला चिकटवलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते सुरतेतलं बिऱ्हाड मोडून धुळ्याकडे गावी जाणार होते. त्यांचं गाव उघडं, झाडी नाहीच. म्हणजे ती शेवटची फेरी होती आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. दोन तास काही दिसलं नाही. मला भूक लागली होती, परतताना वाटेत गरम लोचो खायचा असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि आणखी उशीर केला तर तो संपणार होता. तेवढ्यात डावीकडच्या करवंदीतून शीळ आली. स्वच्छ, दोनदा.

"काही बोली ऱ्हायना का?"

"नाही भाऊ. चला."

ते उठले. लोचो मी दोन प्लेट खाल्ला. हे लिहितानाही लाज वाटते.

तीन वर्षं मी हे पोटात ठेवलं. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्या गावी गेलो, तेव्हा ओट्यावर बसून एकदाचं सांगितलं. भाऊंना सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगायचं. समोरच्या घरातल्या म्हातारीनेही दळण निवडणं थांबवून माझा गुन्हा ऐकून घेतला.

भाऊ शांतपणे म्हणाले, "माले माहीत व्हतं. तुनी मान फिरनी व्हती ना करवंदीकडे. माले दिसनं."

लूमच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे चेहरे वाचूनच बोलतात, हे मी विसरलो होतो. मी ओरडलो, "मग थांबला का नाहीत?"

"तुले भूक लागेल व्हती," ते म्हणाले, आणि मला चहा घ्यायला लावला.

यंदा जूनमध्ये मी एकटाच त्या झाडीत गेलो. शीळ आली. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो पाचोळ्यावर उतरला. हिरवी पाठ, पंखावर निळा पट्टा, पोटाखाली लाल. दोन उड्या मारून तो माझ्याकडे बघत थांबला. मीही पुरता पाहून घेतला.

भाऊंना अजून कळवलेलं नाही.