शिवरस्त्यावर अडवलेली गाडी

अंबडच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर मी सिन्नर ते नाशिक प्रवासी गाडी चालवायला लागलो. सोबतच्या एका ड्रायव्हरने माझ्या गाडीच्या पुढच्या काचेला छोटा कॅमेरा बसवून दिला. गाडी चालली की तो रस्त्याचे फोटो काढायचा आणि मोबाईलवरून आपोआप पाठवायचा. कुठलीशी कंपनी त्यावरून नकाशे करते, चालवणाऱ्याला पॉइंट देते, एवढंच मला ठाऊक होतं. डिझेलला थोडा हातभार लागायचा.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिला डायलिसिससाठी नाशिकला न्यावं लागे. त्या सकाळी निघालो तेव्हाच तिला धाप लागली होती, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. हायवेवर टँकर आडवा झालेला. रांग हलेना, तशी मी गाडी वळवली आणि शेतांमधला शिवरस्ता धरला.

एका वस्तीपाशी मोटारसायकली आडव्या लावून माणसांनी आम्हाला थांबवलं. एकाने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने हात घालून चावी काढून घेतली. मागे असाच कॅमेरा लावलेली एक गाडी हळूहळू फिरून गेली होती, आणि त्यानंतर त्यांच्या शेतांत लाल रंगाच्या खुंट्या आल्या होत्या. मोठा रस्ता त्यांच्या जमिनीतून जाणार होता. मी त्याच लोकांतला, असं त्यांनी धरलं. आई आजारी आहे म्हणालो, तर ते म्हणाले, मागच्या गाडीवालेही लग्नाला चाललोय म्हणून सांगत होते.

चावी घेतलेला माणूस शांतपणे विचारत होता.

"कोणासाठी काढतो हे?"

"कंपनीसाठी. नकाशा करतात."

"अन् ती कोणाला देती?"

मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं तर तो आणखी चिडला. फोटो पुसून टाक म्हणाला. मी ॲप उघडून शोधत राहिलो, पण पुसायला काही उरलंच नव्हतं. सगळं केव्हाच कंपनीकडे गेलं होतं. मी हात जोडले, मग त्याचे पाय धरले. तो मागे सरकला, पण चावी देईना. एवढ्यात आई मागचं दार उघडून उतरायला गेली आणि धुळीत बसली. तिचे ओठ काळे पडले होते.

वस्तीवरून एक म्हातारी धावत आली. ती त्या माणसाची आई. तिने माझ्या आईला छातीशी टेकवून धरलं, सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

"चावी दे त्याची," ती मुलाला म्हणाली. "ही माय इथं गेली, तं जमीन ठिवून काय करायचं हाय?"

त्याने चावी दिली. कॅमेरा मात्र काचेवरून उपटून घेतला. म्हातारी कोणाला न विचारता आईला सावरत मागच्या सीटवर बसली. नाशिकपर्यंत ती आईच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला नुसतं "चाल बाबा, चाल" म्हणत होती.

आईची वेळ दुसऱ्याला गेली होती. डॉक्टरांनी तिची अवस्था पाहून कसंबसं मशीन मोकळं करून दिलं. आई वाचली.

बाहेर बाकावर बसून म्हातारीने सांगितलं की एक खुंटी थेट तिच्या विहिरीच्या काठावर ठोकली आहे. मग तिने मला विचारलं, आजचे फोटो तेवढे काढून टाकायला सांगशील का त्यांना? मी हो म्हणालो. संध्याकाळी तिचा मुलगा मोटारसायकलवर येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिने माझा नंबर मागून घेतला.

सांगायचं कोणाला? ॲपमध्ये तक्रारीचा एक चौकोन होता. त्यात मी मराठीत सगळं लिहिलं, मग मोडक्या इंग्रजीत. लगेच उत्तर आलं, आपल्या योगदानाबद्दल आभार. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो शिवरस्ता नकाशावर ठळक झाला होता, आणि नवीन रस्ता म्हणून माझ्या नावावर जास्तीचे पॉइंट जमा होते.

म्हातारीचा फोन येतो. आधी आईची तब्येत विचारते, मग हळूच विचारते, "काढलं का रे त्यांनी?"

मी म्हणतो, सांगितलंय.