होडीतला संडास आणि एक लिंबू

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी नाक मुरडायला नको. दुधात पाणी आहे असं मी गवळ्याच्या तोंडावर म्हणतो. कुणी नेलेला पाना परत केला की तो माझाच आहे का, हे उलटसुलट करून बघतो. सोलापूरच्या एका कापडगिरणीत मी फिटर होतो, आणि वाफेच्या नळीवर विश्वास टाकणारा फिटर फार दिवस धडधाकट राहत नाही. घरी मात्र याचं हसं व्हायचं. बायको म्हणायची, "तुमी सोताच्या सावलीलाबी इचारताय की, कुटनं आलीस म्हणून."

पुढं पटकीची साथ आली आणि आमची पहिली मुलगी गेली. साथ गावात शिरायच्या सुमारास मी एकदा म्हटलं होतं, नळाच्या पाण्याला वास येतोय, उकळून घे. तेव्हाही ती हसली होती. "आता नाकबी संशयी झालं का?" असं म्हणाली होती. मुलगी त्या पाण्यानं गेली की आणखी कशानं, हे कुणालाच सांगता आलं नाही. त्या बोलण्याची आठवण मी तिला कधी दिली नाही. पण त्यानंतर ती माझ्या संशयाला हसेनाशी झाली, आणि मला ते हसणं फार हवं होतं.

तिला पुन्हा दिवस गेले. सहावा महिना लागला होता, त्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईहून रेल्वेनं गिरणीत एक मोठं खोकं आलं. वर मॅनेजर साहेबांचं नाव होतं. हा साहेब गोरा, धिप्पाड आणि हट्टी. हिप्परग्याच्या तलावात त्याची एक लहानशी शिडाची होडी होती, आणि तिच्यात वाकून शिरण्याएवढी एक लाकडी खोली. सुट्टीच्या दिवशी मडमेला घेऊन तो होडीत बसायचा आणि वारा नेईल तिकडं दिवसभर हिंडायचा. वारा फुकट मिळत असताना त्यासाठी होडी कशाला लागते, हे मला कधी कळलं नाही.

खोकं फोडलं तर आत गवताच्या वेष्टनात चिनी मातीचं पांढरंशुभ्र भांडं, त्यावर लाकडी झाकण, आणि बाजूला दांड्याचा पितळी पंप. कारखान्यातली माणसं भोवती गोळा झाली. कुणी म्हणालं, हे साहेबाचं तोंड धुवायचं भांडं. कुणी म्हणालं, यात मडम मासे ठेवणार. मी भांड्याकडं बघतच नव्हतो, मी नळ्या बघत होतो. एक नळी पाणी आत ओढायची होती आणि दुसरी, तिच्यापेक्षा चांगली जाड, बाहेर टाकायची. आत काय येणार ते कळत होतं. एवढ्या जाड नळीतून बाहेर काय जाणार, इथं माझं डोकं अडकलं.

साहेबानं बोलावून समजावून सांगितलं. तो संडास होता. पाण्यावर तासन् तास राहायचं म्हणजे मडमेची अडचण होते, काठावर माणसं असतात, झाडझुडूप नाही. ते मला पटलं. बाईमाणसाची अडचण ती अडचणच. मी विचारलं, "साहेब, मैला कुठं जाणार?"

"तालाब में," साहेब म्हणाला. "इतना बडा तालाब है."

त्याच तलावाचं पाणी नळानं सगळ्या शहरात येत होतं. आमच्या गल्लीतल्या तोटीलाही तेच. मी हे साहेबाला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हसला आणि म्हणाला, "तुम फिटर है. फिट करो." त्याच्या बंगल्यावर पाणी गाळायचं मोठं यंत्र होतं, शिवाय तो बहुतेक सोडाच प्यायचा. मला त्याचा असा राग आला की हातातला पाना खाली ठेवून निघून जावं. पण घरात बाळंतपण यायचं होतं. मी पाना हातातच ठेवला.

तलावावर साहेबाचा एक नावाडी होता. वयस्कर कोळी, अक्कलकोटच्या बाजूचा, बांधाखाली झोपडीत राहायचा. मी गिरमिट घेऊन होडीच्या तळाला भोक पाडायला लागलो तसा तो माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. "मेस्त्री, चांगल्या होडीला भोकं कशापायी? बुडवायचा इचार हाय का सायबाला?" त्याला वाटत होतं मी कुणाच्या तरी सांगण्यावरून काहीतरी वाईट करतोय. मला वाटत होतं हा माझ्या प्रत्येक हालचालीची बातमी साहेबाला देणार. असे आम्ही एकमेकांवर डोळा ठेवून काम करत होतो.

काम मात्र मी चोख केलं. भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून सफेदा आणि ताग ठासला, नळ्या उघडबंद करायच्या चाव्या बसवल्या. बाहेर टाकायची नळी आधी वर चढवून मग खाली वळवली, नाहीतर तलावच उलटा भांड्यात शिरला असता आणि होडी खरंच बुडाली असती. सगळं जोडून झाल्यावर बघावं म्हणून मी भांड्यात पाणी ओतलं, त्यात कपड्याला घालायची नीळ कालवली आणि पंपाचा दांडा हलवला. होडीच्या बाजूला पाण्यात निळा ढग फुटला. तो जागच्या जागी विरेल असं मला वाटलं होतं. पण वारा बांधाकडं होता. निळं पाणी लांबट होत होत बांधाकडं सरकलं, जिथून शहराचा नळ पाणी घेतो त्या बुरुजाच्या अंगानं, आणि तिथं दिसेनासं झालं. नावाडी ते बघत होता. मी पण बघत होतो.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं, निळ्या पाण्यासकट. तिनं एवढंच विचारलं, "कोन बसनार त्येच्यात?"

"मडम."

"कवा?"

"दसऱ्याला. पाव्हणे येणार हायती म्हणं."

पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. हेच मला खटकलं. एरवी साधं मीठ संपलं तरी ती दोनदा सांगायची.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा झाली. कोहळा फोडला, इंजिनाला हार घातले. साहेबानं दरवर्षीप्रमाणे टोपी काढून कपाळाला कुंकू लावून घेतलं, गळ्यात हार घेतला आणि पेढा खाल्ला. माझी काही हत्यारं तलावावर होडीतच होती, आणि नव्यानं जोडलेल्या यंत्राला त्या दिवशी हळदकुंकू लावायचं ही आमची रीत. म्हणून दुपारी साहेबाच्या खुर्च्या घेऊन जाणाऱ्या छकड्यातून मी तलावावर निघालो. तर बायको पूजेचं ताट घेऊन दारात उभी! "म्याबी येते." पोट पुढं आलेलं, रस्ता खडबडीत, आणि ही बाई कधी देवळाच्या पलीकडं गेलेली नाही. मी खोदून खोदून विचारलं. "तुमची पूजा, मग मी नगं व्हय?" म्हणून ती छकड्यात चढूनसुद्धा बसली.

तलावावर पोचलो आणि तिनं नावाड्याला कानडीत हाक मारली. तिचं माहेर अक्कलकोटजवळचं मैंदर्गी; कानडी तिला माझ्या मराठीपेक्षा बरी येते. मला कानडी कळत नाही. ती दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होती आणि मी बाजूला शुंभासारखा उभा. 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'कूसु' म्हणजे बाळ, एवढे दोनच शब्द माझ्या कानाला ओळखू आले. नावाड्यानं डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "मेस्त्री, तेवडा मागचा दोर ढिला पडलाय, बघता का जरा?" होडीचा दोर नावाड्यानं फिटरला बघायला सांगावा? तरी मी गेलो. दोर चांगला ताठ होता.

परत येऊन होडीत वाकून बघतो तर पंपाला कुंकवाची बोटं, हे ठीक. पण संडासाच्या पांढऱ्या भांड्यालाही चारी अंगांनी हळदकुंकू, झाकणावर झेंडूची माळ, आणि आत, अगदी तळाशी, कुंकू भरलेलं कापलेलं लिंबू आणि तांदूळ.

"अगं, हे काय केलंस? कशाचं भांडं हाय हे, ठावं हाय का?"

"नवं हाय, पांढरं हाय," ती म्हणाली. "नवं यंत्र पुजायचं न्हवं?"

मी ते काढायला हात घातला आणि तसाच मागं घेतला. पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळत आलेलो. त्यात पोटुशी बायको समोर उभी, आणि एक मूल आधीच गेलेलं. मी जगातल्या सगळ्यावर संशय घेतो, पण त्या लिंबावर घ्यायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पंप चालवायला मला होडीवर बोलावलं होतं. मडम आली, वाकून आत शिरली आणि लगेच बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं नावाड्याला विचारलं, हे काय आहे? नावाड्यानं हात जोडले. "मडमसायेब, देवी बसलीया तितं."

"और कोई बैठा तो?"

नावाड्यानं नुसते दोन्ही कान धरले आणि पाण्याकडं तोंड फिरवलं. मडमेनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या हातांकडं. त्या नजरेत जो संशय होता तो बघून मला माझीच नजर आठवली. ती होडीतून उतरली ती सरळ गाडीत जाऊन बसली.

साहेब माझ्या अंगावर ओरडला. आता नोकरी गेली, हे मी धरून चाललो. म्हटलं, "साहेब, नव्या यंत्राची पूजा आहे. काल गिरणीत केली तशीच." साहेबाचा हात आपोआप कपाळाकडं गेला. तिथं आदल्या दिवशीच्या कुंकवाचा लालसर डाग अजून होता. त्यानं तो रुमालानं पुसला आणि पाहुण्यांकडं निघून गेला.

मडम पुढंही तलावावर यायची, पण तिच्यासाठी बांधाच्या खालच्या अंगाला एक राहुटी उभारली आणि आत खड्डा खणला. होडीतला संडास काढायला साहेबाचा हट्ट आडवा आला. एवढं मुंबईहून आणलेलं, राहू दे, म्हणाला. शिवाय त्याची देखभाल माझ्याकडं. मी अधूनमधून जाऊन पंपाच्या चामड्याला एरंडेल लावायचो, चाव्या फिरवून बघायचो, सफेदा सुटलाय का ते चाचपायचो. आणि कुणी चोरून वापरतंय का हे कळावं म्हणून दांड्याला गिरणीच्या सुताचा एक बारीक धागा बांधून ठेवायचो. साहेबावर माझा विश्वास नव्हता. नावाड्यावर तर नव्हताच. पण धागा कधी तुटला नाही. लिंबू तळाशी वाळून काळं पडलं. ते काढायला साहेबाचा नोकर तयार नव्हता, नावाडी नव्हता, आणि मीही नव्हतो.

थंडीत मुलगी झाली. नीट, रडकी, भरल्या अंगाची. ती वरचं पाणी प्यायच्या वयाची झाली तेव्हा एका सकाळी बायको चुलीशी बसून तिच्यासाठी पाणी उकळत होती. इतके महिने मनात कोंडून ठेवलेलं मी विचारलंच.

"खरं सांग. ते भांडं कशाचं हाय, ठावं हुतं न्हवं तुला? आन त्या नावाड्यालाबी?"

तिनं पाणी उतरवलं, फडक्याची घडी करून वाटीत गाळलं. मग वर न बघताच म्हणाली, "तुमीच सांगितलं हुतं की. मागच्या बारीला सांगितलं तवा मी हसले." फडकं पिळत म्हणाली, "ह्या बारीला न्हाय हसले."

तिनं ती वाटी माझ्या नाकाशी धरली.

"वास घ्या."

मी वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"न्हाय येत," मी म्हणालो.

तेव्हा कुठं तिनं चमचा मुलीच्या तोंडाला लावला.