सुलभाकाकूंचं अर्धं टोपडं

मैत्रिणींनो, आत्ताच मलकपेठहून परत आले. घरात मन लागेना, म्हणून इथे लिहितेय.

सुलभाकाकू माझ्या आईच्या मैत्रीण. पणतीच्या बारशासाठी त्या लेसचं टोपडं विणत होत्या. टॅटिंगच्या, म्हणजे गाठींच्या लेसच्या, गाठी क्रोशाच्या सुईवर घ्यायच्या आणि त्यांतून धागा ओढून त्यांचं गोल फूल करायचं, ही त्यांची पद्धत. टोपडं अर्ध्यावर आलं आणि हातांचा कंप इतका वाढला की सुईच धरवेना. म्हणून आज मी शिकायला गेले.

त्या सांगत होत्या, मी करत होते. पण धागा गाठींतून सरकेचना.

"अगं, गाठ सैल घे," म्हणत त्यांनी माझा हात धरला. त्यांच्याबरोबर माझाही हात थरथरला आणि सुईवरच्या सगळ्या गाठी ओघळल्या.

मी म्हटलं, "काकू, आबिड्सच्या बाजारातून तयार लेस आणून लावू का?"

"नक्को गं. तसली टोपडी तिला ढीगभर येतील."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

बारसं परवा आहे. हैदराबादेत कुणाला ही लेस येते का? काकूंच्या शेजारी बसून, त्यांना विचारत विचारत पूर्ण कराल का?