आण्णांच्या शिव्यांची वाटणी

आमचे आण्णा कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. शिव्या मात्र मनापासून द्यायचे. बैलाला, वायरमनला, ढगांना आणि दिवसातून चार वेळा आम्हा दोघा भावांना. मला शूटिंगचा नाद. गोठ्याच्या कुडाआड उभा राहून मी त्यांच्या शिव्या मोबाइलवर टिपायचो. काही वर्षांत ढीगभर व्हिडिओ जमले आणि ते उघडताना घरचा कॉम्प्युटर कुंथायला लागला.

मग मी धाराशिवहून दोन सारख्या हार्ड डिस्क आणल्या. दोन्ही मिळून एकच मोठी डिस्क करायची, प्रत्येक व्हिडिओचे बारीक तुकडे पाडायचे, एक तुकडा हिच्यावर, पुढचा तिच्यावर, असं आळीपाळीनं लिहायचं. दोघी एकदम काम करतात म्हणून वेग वाढतो. मी कॉम्प्युटरचा डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात थोरले दादा उसाला पाणी देऊन आले. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे एक सरी हिच्यात, एक सरी तिच्यात," दादा म्हणाले.

"तसंच."

"आन् एक मेली तर?"

"मग दुसरीतलं बी वाचता येत न्हाय. सगळंच गेलं."

"मग कशाला करायलास हे?"

"स्पीड वाढतंय, दादा."

"आण्णाच्या शिव्या बगायला तुला कसली रं घाई?"

मी स्क्रू आवळत राहिलो. शेवटी स्क्रीनवर प्रश्न आला, डिस्क कोऱ्या करू का, सगळं पुसलं जाईल. घरातल्या कुठल्याही कामाचा नारळ दादांनीच फोडायचा, तेव्हा माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी चपला काढल्या आणि 'हो' दाबलं. वहिनी हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या, ते मी डब्याच्या बाहेरच्या पत्र्यालाच लावायला सांगितलं. सगळ्याची वेगळी कॉपी ठेवायची असते, हे मी भूमच्या शाळेत पोरांना दरवर्षी शिकवतो. स्वतः ठेवली नाही; सगळे व्हिडिओ या नव्या जोडीवर हलवले आणि जुने पुसून टाकले.

आण्णा गेले आणि वर्षभरानं आमची वाटणी झाली. दादा ढोकीला, गावातच, शेती बघणार, मी भूमला मास्तरकी करणार, असं आधीच ठरल्यासारखं होतं. पण बांधावरच्या आंब्यावरून आमची जुंपली आणि मी दादांना नको ते बोललो. मग मामांना पंच म्हणून बसवलं. मामांचा हिशोब सरळ, घरात दोन असलेली वस्तू एकाच्या पदरात जाता कामा नये. विळे दोन, एक-एक. खाटा दोन, एक-एक. कॉम्प्युटर पुतणीच्या अभ्यासासाठी दादांकडं राहिला. एवढ्यात मामांनी विचारलं, "त्येच्या आत दोन डब्या हायत म्हनं?"

"हायत," मी म्हणालो.

"मग एक-एक घ्या."

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. अख्ख्या बैठकीत ते कळणारा मी एकटाच, असा माझा समज होता. पण आंबा डोक्यात होता. मनात म्हटलं, घ्या दादा, अर्धी शिवी ऐकत बसा. दुसरी अर्धी माझ्याकडंही मुकीच राहणार, हे रागात सुचलंच नाही. दादा कान खाजवत म्हणाले, "मामा म्हनतेत ते रास्त हाय." मी सगळ्यांदेखत एक डिस्क काढली, पिशवीत टाकली आणि एसटी धरली.

भूमला आल्यावर मी दादांच्या फोनची वाट बघायला लागलो. कॉम्प्युटर उघडतील, काही दिसणार नाही, झक मारत फोन करतील. मग मी जरा भाव खाईन आणि मग सांगेन. चार महिने गेले, फोन नाही. कपाटात शर्टांच्या घडीखाली डिस्क पडून होती. खरं सांगतो, आण्णांचा आवाज ऐकावासा वाटायचा. दादांचा त्याहून जास्त.

एका रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, त्यो कॉम्प्युटर इचारायलाय, डिस्क कोरी करू का म्हणून. हे म्हनतेत, व्हय म्हनून टाकतो."

मी ताडकन उठलो. "वहिनी, दादांना हात लावू देऊ नका."

"म्या सांगिटलं. जेवनापत्तुर थांबतो म्हनतेत. तितनं म्होरं न्हाय."

दादा बाराला जेवतात. मी माझी डिस्क आणि शाळेची एक मोठी रिकामी डिस्क पिशवीत कोंबली, गाडीला किक मारली आणि सबंध रस्ता स्वतःला आण्णांच्या शिव्या देत गेलो. गावात शिरलो तेव्हा बाराला दहा कमी होते. दादा ओसरीवर भाकरी कुस्करत बसले होते. आत कॉम्प्युटरवर चादर घातलेली, शेजारी त्यांची डिस्क आण्णांच्या रुमालात गुंडाळलेली.

"दाबलं का?" मी धापा टाकत विचारलं.

"काय दाबतोस? रात्रीपासनं लाइटच न्हाय."

वहिनी पदराआड हसत चुलीकडं गेल्या. मी पिशवी घेऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"एक सरी हिच्यात, एक सरी तिच्यात," दादा म्हणाले. "तूच सांगिटलं हुतंस. मामा वाटा म्हनले, म्या म्हनलं वाटू. न्हाय तर तू कशाला येतूस परत हिकडं?"

मी आंब्याबद्दल काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

दोनला लाइट आली. दोन्ही डिस्क जोडल्या, जरा खटपट केली, आणि पहिलाच व्हिडिओ लागला. गोठ्यातून आण्णा ओरडत होते, "कुठं उलथलात रं दोघं?" दादा सवयीनं खाटेवरून उठले आणि मग डोळे पुसत खाली बसले. मीही रडलो.

पुढं दादा म्हशीला पाणी दाखवायला गेले, तेव्हा मी सगळं त्या रिकाम्या डिस्कवर उतरवून घेतलं. शिकवतो तसं एकदा तरी वागलो. येताना माझी डिस्क काढून पिशवीत टाकली, त्यांची त्यांनी रुमालात बांधली.

आता आण्णा माझ्याकडं भूमला सबंध आहेत, पाहिजे तेव्हा ओरडतात. हे दादांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दर दुसऱ्या रविवारी अर्धी डिस्क पिशवीत घालून मी ढोकीला जातो.