हसुरामच्या चाकूला गोडं पाणी

येसूचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. येसू म्हणजे माझी धाकटी बहीण, रोह्याला दिलेली. ती रडली नाही. "दादा, हे गेले," एवढंच म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "तू ये. तू आल्याशिवाय हलवणार नाय." हे म्हणजे हसुराम, माझा मेव्हणा... त्याला जाऊन आता दीड महिना होईल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सगळा जन्म धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात गेला, लिहायची सवय नाही. नात म्हणाली, आबा तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नको म्हटलं. हे दुसऱ्याच्या हाताने लिहून घेण्यासारखं नाही. ती फक्त काना-मात्रा बघून देणार आहे.

आमच्याकडे चाकूची पारख म्हटली की माझं नाव घ्यायचे. ही बढाई नाही, बढाई मारायची सोय आता राहिलेली नाही. कुणी मुंबईहून घडीचा चाकू आणो, कुणी बार्जवरच्या खलाशाकडून घेवो, तो आधी नाक्यावरच्या चहाच्या टपरीत माझ्या हातात यायचा. मी तो न उघडता नुसता तळहातावर ठेवायचो. खिशात रोज वागवायची वस्तू, ती मांडीला टोचता कामा नये, आणि खिशात आहे की पडली अशी शंकाही येता कामा नये. मग हात ओला करून अंगठ्याच्या नखाने उघडायचा, कारण मिठागरात हात कोरडा असतो कधी? उघडल्यावर पात्याचं टोक चिमटीत धरून दोन्ही अंगांना हलवायचं. हललं की समजायचं, खिळा ढिला. मग कान लावायचा. पातं मुठीतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, बसताना 'खट' असा एकच आवाज यायला पाहिजे, दोन आले तर तो चाकू कधीतरी बोटावर मिटणार. धार मी सगळ्यात शेवटी बघायचो. धार काय, दगडावर कुणीही लावतो. भिजलेला काथ्याचा दोर एका ओढीत कापला गेला की मी म्हणायचो, "चालेल." नाहीतर काही न बोलता परत द्यायचो. माझं 'चालेल' ऐकायला माणसं चहा थंड करून बसायची.

हसुराम रोह्याच्या एका कंपनीत फिटर होता. बोलायला कमी, पण हात असा की लोखंडाने त्याचं ऐकावं. मशीनवरच्या करवतीची मोडकी पाती भंगारात जायची, ती साहेबाला विचारून घरी आणायचा आणि शिफ्टवरून आला की मागच्या पडवीत कानस घेऊन बसायचा. त्यातून त्याने घडीचे चाकू करायचं मनात घेतलं. शिफ्ट करून करून त्याची छाती भरायची, खोकला थांबत नसे. येसू एकदा मला म्हणाली होती, "नोकरी सोडून हेच करायचं ह्यांच्या मनात हाय दादा. बारा पाती घासून ठेवलीत. पण तुझा शब्द आल्याशिवाय बाकीच्यांना मूठ बसवणार नाय म्हणतात."

पहिला चाकू घेऊन तो स्वतः आला. रोह्यापर्यंत गाडी नुकतीच सुरू झाली होती, कासूला उतरून तिथून आमच्या गावापर्यंत कसाबसा पोचला. शिसवीची मूठ, पितळेचा खिळा. टपरीत दहा माणसं होती. मी हात ओला केला, उघडला, हलवला, ऐकला. खोट सापडेना. मला वाटतं, तेच मला कुठेतरी लागलं... आमच्या घरचा जावई, काल कानस हातात घेतलेला, आणि याच्यात मला खोट सापडू नये! मी म्हटलं, "असा एका दिवसात कळत नाय. एक हंगाम खिशात राहिला पायजे."

"ठेव की," हसुराम म्हणाला. "दोन महिने ठेव, मग सांग. फक्त एक कर दादा. मिठात वापरणार, तर रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धू, आणि खिळ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोड."

त्यावर मी काय बोललो ते आज लिहिताना हात जड होतो. मी टपरीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या बायका मैलभर चालून गोड्या पाण्याचा हंडा आणतात, आणि तुझ्या चाकूला रोज आंघोळ? जावयाला पण एवढा मान नाय आमच्यात!" सगळे हसले. तो पण हसला.

मी तो चाकू दोन महिने वापरला. गोणीची सुतळी कापली, दोर कापले, खाडीतले बोयटं मासे साफ केले. आणि आमचे कोयते-विळे आम्ही जसे धुतो तसा धुतला, खाडीच्या पाण्यात. कोयत्याला काय होतंय? कोयता एकसंध असतो, पाणी सुकलं की वरचं मीठ फडक्याने पुसता येतं. घडीच्या चाकूला सांधा असतो, तिथे फडकं पोचत नाही. पाणी आत जातं, सुकतं, मीठ आत राहतं, आणि आतल्या आत लोखंड खातं. जन्मभर मीठ पिकवणाऱ्याला हे कळू नये? दीड महिन्यात पातं जड झालं. मग अर्ध्यावर अडकायला लागलं. खिळ्याभोवती पांढरं कडं दिसत होतं, त्याच्या कडेला तांबूस. मला कळलं होतं. मनाला मी आजवर सांगत आलो की कळलं नव्हतं, पण मला त्याच दिवशी कळलं होतं. तेव्हाही मी गोड्या पाण्यात टाकला असता तर निभावलं असतं. पण घरात हंड्याला हात लावला तर बायको विचारणार, कशाला? आणि टपरीत झालेलं सगळं तिने ऐकलेलं.

मग माझ्या मोठ्या मुलाचं लग्न आलं. मांडवात पंगत बसली होती, आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतली सगळी मिठागरातली माणसं. हसुराम पंगतीत वरण वाढत होता. शेजारचा पांडू मोठ्याने म्हणाला, "काय रे, मेव्हण्याच्या चाकूचं काय झालं? चालेल का नाय?" मला म्हणता आलं असतं, जेव गप, मग बघू. पण पन्नास माणसांची तोंडं माझ्याकडे वळली होती. मी चाकू काढला, उघडायला गेलो, पातं अर्ध्यावर अडकलं, माझं नख मोडलं. आणि मी चाकू वर धरून म्हटलं, "हा उघडायचा तर आधी नारळ फोडायला लागतो!"

मांडव हसून लोटपोट झाला. हसुरामने वरणाची बादली खाली ठेवली. माझ्या हातातून चाकू घेतला, खिळ्याकडे बघितलं, मग एकदा माझ्याकडे बघितलं... तेवढंच. "बरं झालं दादा, आधीच कळलं," म्हणाला, चाकू खिशात टाकला, बादली उचलली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. येसू मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. ती त्या दिवशी जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

त्याने परत चाकू केला नाही. रिटायर होईपर्यंत शिफ्टला गेला, खोकत गेला. मी दर भाऊबीजेला रोह्याला जायचो, येसू ओवाळायची, तो माझ्यासाठी पान आणून ठेवायचा. बाहेरच्या खोलीत बसायचो, पाऊसपाण्याचं, पोराबाळांचं बोलायचो. मागच्या पडवीत मी इतक्या वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नाही.

तो जायच्या पंधरा दिवस आधी मी त्याला बघायला गेलो. खाटेवर पडून होता, अंगावर मांस असं राहिलं नव्हतं. येसूने चिकू आणून ठेवले. त्याने उशीखालून चाकू काढला आणि पडल्या पडल्या एका अंगठ्याने उघडला. खट. एकच आवाज. माझी मान आपोआप वळली. "बघू," म्हटलं. काळ्या शिंगाची मूठ, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवली, उघडला, मिटला, टोक धरून हलवलं. दगडात रोवल्यासारखं पातं. आता मोठेपणा राखून काय करायचंय असं वाटून मी मोकळेपणाने म्हटलं, "हा खरा चाकू. कुठनं घेतलास रे?"

"हाय जुना," तो म्हणाला. मग हळूच, "चालेल म्हणतोस?"

"चालेल काय, पळेल! असा चाकू मी जन्मात दोनदा नाय बघितला."

तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, खोकताना डोळ्यांतून पाणी आलं. येसू त्याची पाठ चोळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं आजारपणाचं आहे.

बाराव्याला माणसं पांगल्यावर येसूने तो चाकू माझ्या हातात दिला. म्हणाली, "हा तोच हाय, दादा."

"कुठला तोच?"

"पोराच्या लग्नातला. मूठ बदलली आणि खिळा नवा घातला, पातं तेच. त्या दिवशी घरी आल्या आल्या पेपर पसरून खोलला ह्यांनी. आतनं मीठ निघालं. मी म्हटलं, चला आत्ताच्या आत्ता, तो पेपर तसाच उचला, दादाच्या टपरीत नेऊन दाखवू. तर मला म्हणाले, नको गो. दादाचं नाक्यावर नाव हाय. माझं काय, मला शिफ्ट हाय."

मी विचारलं, "मग तू इतक्या वर्षांत मला एकदा तरी बोलायचं होतंस."

"शपथ घातली होती ह्यांनी." तिने एक पत्र्याचा डबा पुढे केला. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली अकरा पाती. एकालाही गंज नाही. दरवर्षी फडकं बदलत होता म्हणे.

डबा मी तिच्याकडेच ठेवला, तो घ्यायला मी कोण? चाकू मात्र तिने परत घेतला नाही. आता आमच्या घरी नळाला गोडं पाणी येतं. रोज संध्याकाळी चाकू धुतो, पुसतो, खिळ्यावर खोबरेलचा थेंब सोडतो. नात म्हणते, आबा, तुम्ही तर तो वापरतच नाही. खरंय. माझ्या अंगठ्यात आता जोर नाही, तरी पातं पहिल्या झटक्यात उघडतं.

मुलाच्या मांडवात जेवलेली सात-आठ माणसं अजून आहेत. पांडू तर रोज टपरीत असतो. मीही रोज चाकू खिशात घालून तिकडे जातो, बसतो, चहा मागवतो. "पांडू, तो चाकू चांगला होता, मीठ माझं होतं," एवढंच सांगायचंय... पांडू म्हणतो, काय रे, काय झालं? आणि माझी जीभ अर्ध्यावर अडकते.